पेशंट ‘बरा दिसत नाही’ हे कळतं कसं?

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. नोकरीला आठ महिने झालेत, मेडिकल वॉर्ड आहे, निम्म्याहून जास्त ड्युट्या नाइटच्या. सीनियर सिस्टर बेडजवळून नुसत्या जाता जाता म्हणतात, “याच्यावर नजर ठेव गं, हा मला बरा दिसत नाही,” आणि दोन तासांनी तो पेशंट खरंच बिघडतो. तुला मात्र चार्टवरचे आकडे बिघडेपर्यंत काही कळत नाही. हे अंगातच असावं लागतं, पुस्तकातून येतं, की वर्षं काढावी लागतात, हा तुझा पहिला प्रश्न. डॉक्टरांना फोन लावला की शब्द सुचत नाहीत, हा दुसरा. डिस्चार्जच्या वेळी सगळं समजावून सांगितलेला पेशंट महिन्याभरात तीच तक्रार घेऊन परत येतो, हा तिसरा. आणि मध्येच एका ओळीत परवाच्या रात्रीचं लिहिलं आहेस: पहाटे तीनला एक वयस्कर पेशंट अचानक बरळायला लागले, चादरी ओढायला लागले, तू डॉक्टरांना उठवलंस, त्यांना कॅथेटरची, म्हणजे लघवीची नळी मुडपलेली सापडली, ती सरळ केल्यावर आजोबा झोपले, आणि डॉक्टर जाताना म्हणाले, “यासाठी उठवलं?” त्या ओळीकडे मी शेवटी येते. माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तूगं करतेय, राग मानू नकोस.

अंगात असावं वगैरे काही लागत नाही. मलाही आधी दिसत नव्हतं, आणि ते कुठल्या दिवशी दिसायला लागलं हे मी सांगू शकते.

सर्जिकल वॉर्डात इव्हिनिंगला होते. आदल्या दिवशी पोटाचं ऑपरेशन झालेले पन्नाशीचे एक गृहस्थ होते. दुपारी दोनला ड्युटी घेतली तेव्हा बीपी १३८/७८, पल्स ८२, श्वास १६. सहाला पुन्हा घेतलं: बीपी ११२/८४, पल्स १०४, श्वास २२, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९७, ताप नाही. मी सगळं चार्टवर नीट लिहिलं. ११२ म्हणजे बीपी चांगलं आहे, पल्स जरा जास्त आहे पण टाके दुखत असतील, असा मनाशी हिशोब केला आणि पुढच्या बेडकडे वळले. आमच्या इन्चार्ज सिस्टर मागून येत होत्या. त्या या गृहस्थांच्या बेडशी थांबल्या. चार्ट उघडला नाही. पांघरूण बाजूला करून त्यांनी आधी पायाच्या बोटांना हात लावला, मग घोट्याला, मग गुडघ्याला. गुडघ्यापर्यंत पाय गार होते. मग शेजारी बसलेल्या बायकोला विचारलं, “दुपारी काय बोलत होते?” ती म्हणाली, “दुपारी मुलाच्या परीक्षेचं विचारत होते. आता नुसतं पाणी पाणी करतायत. आणि मला म्हणतात, तू इथून हलू नकोस.” सिस्टरांनी वाकून लघवी जमा होणारी युरोबॅग पाहिली. दोन तासांत जेमतेम ३० मिली. मग कुठे त्यांनी चार्ट घेतला, माझ्याच अक्षरातल्या दोन बीपींवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “वरचा खाली आलाय, खालचा वर गेलाय. मधलं अंतर मोज.”

आधी ६० होतं, आता २८. पोटात आत रक्तस्राव होत होता. त्या रात्री त्यांना पुन्हा थिएटरला नेलं आणि ते वाचले. मी सहाला लिहिलेला प्रत्येक आकडा बरोबर होता. त्यातून काय दिसतंय ते मात्र मला दिसलं नव्हतं.

हे का घडतं ते नीट समजून घे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. रक्त कमी व्हायला लागलं की शरीर आधी बीपी सांभाळतं. हृदय जोरात पळतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार पडतात आणि बीपीचा खालचा आकडा वर सरकतो. मूत्रपिंडाकडे रक्त कमी जातं, लघवी आटते. तहान लागते. माणूस उगाचच बेचैन होतो. प्रौढ माणसात एकूण रक्ताच्या १५ ते ३० टक्के, म्हणजे साधारण पाऊण ते दीड लिटर रक्त गेलं तरी वरचं बीपी बऱ्यापैकी टिकून राहू शकतं. ते धाडकन खाली येतं ते बहुधा ३० टक्क्यांच्या पुढे, म्हणजे शरीराची सांभाळून घेण्याची ताकद संपल्यावर. बीपी पडायची वाट बघणारी नर्स शरीर हरायची वाट बघत असते.

आता सिस्टरांनी काय केलं ते परत बघ. त्या बेडशी आल्या तेव्हा ‘पोटाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हा माणूस कसा असायला हवा’ याचं चित्र त्यांच्या मनात तयार होतं. दुखत असेल, पण हातपाय गरम हवेत. दमलेला असेल, पण बोलायला हवा. तासाला वजनाच्या किलोमागे अर्धा मिली, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला ३५ मिली तरी लघवी हवी. चित्र आणि समोरचा माणूस जुळेना, म्हणून त्या थांबल्या. मी मात्र कुठलंच चित्र न घेता गेले होते. मी प्रत्येक आकडा पुस्तकातल्या नॉर्मलशी ताडून पाहिला. त्याच माणसाच्या दुपारच्या आकड्यांशी ताडून पाहिला नाही, आणि तो आज कसा असायला हवा याच्याशी तर नाहीच. मला विचारशील तर क्लिनिकल जजमेंट म्हणजे मुळात एवढंच आहे: बघण्याआधी अपेक्षा बांधायची आणि फरक पडला तिथे थांबायचं. बाकीचं ज्ञान लागतं ते ही अपेक्षा अचूक बांधायला आणि फरकाचा अर्थ लावायला.

म्हणून ‘पुस्तक की अनुभव’ हा वाद मला पटत नाही. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नर्सच्या वाटचालीचे पाच टप्पे मांडले, अगदी नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत. नवशिकी नियमांवर चालते आणि तज्ज्ञ नर्स समोरची परिस्थिती एका नजरेत ओळखते, हे त्यात आहे. पण अनेकजणी त्याचा अर्थ असा काढतात की अनुभव आला की पुस्तक बंद. बेनरनीच म्हटलंय की जिथे तज्ज्ञाला आधीचा अनुभव नाही, किंवा पहिला अंदाज चुकला आहे, तिथे तिलाही पायरी पायरीने विचार करावा लागतो. याच विषयाच्या अभ्यासक क्रिस्टिन टॅनर यांनी २००६ मध्ये सुमारे २०० अभ्यास तपासून जजमेंटचे चार भाग सांगितले: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि मागे वळून बघणं. कॉलेजात आपल्याला दुसरा आणि तिसरा भाग भरपूर शिकवतात. तुझं अडतंय ते पहिल्यापाशी, आणि चौथा करायला कुणाला वेळ नसतो. पण पहिला सुधारतो तो चौथ्यामुळेच.

तर उद्यापासून असं कर. हँडओव्हर, म्हणजे आधीच्या ड्युटीकडून पेशंट ताब्यात घेताना खिशातल्या कागदावर प्रत्येक पेशंटसमोर एक ओळ लिही: आज रात्री याचं काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर सगळ्यात आधी काय दिसेल. न्यूमोनिया असेल तर ‘श्वास वाढेल, गोंधळेल’. हार्ट फेल्युअर असेल तर ‘आडवा झोपू शकणार नाही, उशा वाढतील’. इन्सुलिनवर असून रात्री जेवला नसेल तर ‘घाम, थरथर, विचित्र वागणं’. ओळ सुचत नसेल तर त्या आजाराचं तुला अजून माहीत नाही, एवढं कळलं. घरी गेल्यावर तेवढंच वाच. सकाळी निघताना कागद परत बघ: काय खरं ठरलं, काय हुकलं. पहिले दोन आठवडे बहुतेक ओळी हुकतील, हुकू देत. हँडओव्हर देणाऱ्या स्टाफला आकड्यांशिवाय एक प्रश्न जरूर विचार: “तुमच्या ड्युटीत सुरुवातीला आणि आत्ता यांच्यात काय फरक वाटतो?” बघ, त्या क्षणभर थांबतील आणि चार्टवर नसलेलं काहीतरी सांगतील.

मोजमापांत तुला एकच गोष्ट सुधारायची असेल तर श्वास मोज. पूर्ण एक मिनिट, छातीकडे बघून. मनगट धरून ठेव, म्हणजे पेशंटला वाटतं पल्स चाललीये, आणि तो श्वास मुद्दाम बदलत नाही. कितीतरी वॉर्डांत चार्टवर सगळ्यांचा श्वास १८ किंवा २० असतो, बेड एक ते बेड तीस. ते मोजलेलं नसतं हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो, कारण बिघाडाची पहिली खूण बहुतेकदा तिथेच असते. इन्फेक्शन असो, रक्तस्राव असो, फुप्फुसात गुठळी असो किंवा रक्तात आम्ल वाढलेलं असो, श्वास वाढतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वॉर्डात हृदय बंद पडलेल्या ६४ पेशंटची कागदपत्रं तपासली होती. त्यातल्या ५४ जणांच्या नोंदींत आधीच्या आठ तासांत बिघाड किंवा नवी तक्रार लिहिलेली होती. म्हणजे कुणीतरी पाहिलं होतं, लिहिलंही होतं.

याच कारणासाठी स्कोअर आले. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये न्यूज (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर), म्हणजे बिघाडाची आगाऊ सूचना देणारा स्कोअर आणला आणि २०१७ मध्ये सुधारला. श्वास, सॅच्युरेशन, वरचं बीपी, पल्स, शुद्ध आणि ताप यांना गुण, शिवाय ऑक्सिजन चालू असेल तर दोन गुण जास्त. बेरीज पाच झाली की तातडीने डॉक्टरांनी बघायचं, सात झाली की आणीबाणी. तुमच्याकडे असेल तर प्रामाणिकपणे भर. पण मर्यादाही लक्षात ठेव. माझ्या त्या पेशंटचा सहा वाजताचा स्कोअर काढून बघ: श्वास २२ चे दोन, पल्स १०४ चा एक, बाकी शून्य. बेरीज तीन. गार गुडघा, बायकोचं वाक्य, आटलेली लघवी आणि बीपीतलं घटलेलं अंतर यांना त्यात रकाना नाही. जास्त आलेल्या स्कोअरकडे दुर्लक्ष करू नकोस, आणि कमी आलेल्या स्कोअरवर विसंबून झोपू नकोस.

आकडे कुठे फसवतात याची यादी तुझी तू वाढवत जाशील, माझ्या मनात कायम असतात त्या जागा सांगते. बीटा ब्लॉकरवर, म्हणजे हृदयाची गती कमी ठेवणाऱ्या औषधावर असलेल्या माणसाची पल्स हवी तेवढी वाढत नाही, रक्तस्राव असो की साखर उतरलेली असो. साखर उतरल्यावर त्याला छातीत धडधड जाणवणार नाही, पण घाम येईल. वयस्कर माणसाला सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनल्यावर, ताप येईलच असं नाही. कधी उलट अंग गारच लागतं, आणि पहिली खूण म्हणजे ‘आजी आज ओळखत नाहीत’. सगळे गोंधळलेले पेशंट आरडाओरडा करत नाहीत. जो अचानक शांत झाला, दिवसभर झोपून राहिला, जेवण नको म्हणाला, त्यालाही डिलिरियम, म्हणजे आजारामुळे अचानक आलेला गोंधळ, असू शकतो, आणि वॉर्डाला त्रास नाही म्हणून तोच सुटतो. मॉर्फिनसारखी औषधं चालू असलेल्या पेशंटला ऑक्सिजन लावलेला असेल तर सॅच्युरेशन ९८ दाखवत राहील आणि श्वास मिनिटाला आठवर आलेला असेल. तिथे सॅच्युरेशन बघून निघू नकोस. पेशंटला हाक मार, किती पटकन डोळे उघडतो आणि वाक्य पुरं होण्याआधी पुन्हा झोपतो का ते बघ, कारण श्वास मंदावण्याआधी गुंगी वाढते. सॅच्युरेशन मोजणारा ऑक्सिमीटरही गार बोटावर, नेलपॉलिशवर चुकतो. कार्बन मोनॉक्साइड शरीरात गेलेल्या माणसात तो खोटं चांगलं वाचन देतो. सावळ्या त्वचेत तो प्रत्यक्षापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवू शकतो, हे २०२० नंतर ठळकपणे पुढे आलं. ९२–९३ असं काठावरचं वाचन असेल आणि माणूस धापा टाकत असेल तर माणसावर विश्वास ठेव.

आता ‘मला काहीतरी वेगळं वाटतंय, पण का ते सांगता येत नाही’ याबद्दल. ते क्षुल्लक समजू नकोस. नर्सना वाटणाऱ्या काळजीवर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात श्वासातला बदल, अस्वस्थता, दुखणं, ‘पेशंट स्वतः म्हणतो मला बरं वाटत नाही’ आणि ‘अपेक्षेप्रमाणे सुधारणा नाही’ अशा दहा प्रकारच्या खुणा सापडल्या. कारण न सांगता येणारी जाणीव हाही त्यातलाच एक प्रकार. म्हणजे वाटण्याच्या मागे बहुतेक वेळा काहीतरी दिसलेलं असतं, त्याला शब्द मिळालेला नसतो. तेव्हा वाटलं की लगेच बेडपाशी परत जा आणि शोध: हात लाव, श्वास मोज, हाक मार, बॅग बघ, नातेवाइकांना विचार. पाच मिनिटांत दोन-तीन ठोस गोष्टी हाती लागतात. नाहीच लागल्या तर अर्ध्या तासाने परत जा. आणि पेशंट “सिस्टर, आज मी वाचत नाही” म्हणाला तर त्याला “असं बोलू नये” म्हणून गप्प करू नकोस. आधी तपास.

फोनवर शब्द सुचत नाहीत, कारण आपण गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागतो. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर वापरली जाणारी निरोपाची एक पद्धत कायझर परमनंटे या आरोग्यसंस्थेने रुग्णालयात आणली, ती आता एसबीएआर या नावाने जगभर शिकवतात: आत्ता काय झालंय, मागचं काय, मला काय वाटतं, मला काय हवंय. शेवटचे दोन भाग आपण गाळतो. ‘मला काय वाटतं’ सांगणं आगाऊपणा वाटतो आणि ‘काय हवं’ हे डॉक्टर ठरवतील असं आपण धरून चालतो. माझ्या त्या पेशंटचा फोन सिस्टरांनी केला तो साधारण असा होता:

“डॉक्टर, सर्जिकल वॉर्ड, बेड अकरा, कालचं पोटाचं ऑपरेशन. आतून रक्तस्राव होतोय अशी मला शंका आहे. दोनला पल्स ८२ होती, आता १०४. बीपी १३८/७८ वरून ११२/८४. श्वास २२, दोन तासांत लघवी ३० मिली, गुडघ्यापर्यंत पाय गार, बेचैन आहेत. तुम्ही आत्ता येऊन बघा. येईपर्यंत मी दुसरी लाइन घालून ठेवते. चढवायच्या रक्तासाठी क्रॉसमॅचला नमुना पाठवू का?”

अर्धं मिनिट लागलं. ‘पेशंट बरा वाटत नाही’ असं म्हटलं असतं तर समोरून “बीपी किती?” आलं असतं, ११२ ऐकून “बघू राउंडला” आलं असतं. आकडा एकटा कधी सांगू नकोस, आधीचा आणि आत्ताचा जोडीने सांग. बोलण्याआधी चार ओळी कागदावर लिहून घे. मी आजही लिहून घेते. आणि डॉक्टर “नंतर बघतो” म्हणाले तर भांडू नकोस, पण फोनही ठेवू नकोस. विचार: “ठीक आहे, मग पल्स कितीच्या वर गेली किंवा बीपी कितीच्या खाली आलं की परत कळवू?” उत्तर वेळेसह केसपेपरवर लिही आणि त्याप्रमाणे परत मोज. तेवढ्यानेही पटत नसेल तर त्यांच्या वरच्या डॉक्टरांना आणि आपल्या इन्चार्जना कळव. हे कुणाविरुद्ध तक्रार करणं नाही. तो पेशंट आठ तासांसाठी तुझ्या हवाली आहे.

डिस्चार्जच्या पेशंटकडे येते. तुला वाटेल हा वेगळा विषय आहे, पण मला तो तोच वाटतो. इथेही आपण चित्र न घेता जातो, सगळ्यांना तेच सांगतो, तो मान हलवतो, आपण सही घेतो. त्याला काय कळलं ते तपासतच नाही.

डायबेटिसचे एक पेशंट माझ्या लक्षात राहिलेत. दहा वर्षं इन्सुलिन घेणारे, हुशार, शिकलेले. साखर कधी ३०० च्या वर, कधी अचानक ६०. तीनदा दाखल. प्रत्येक वेळी आम्ही खाण्याचं, वेळेचं, व्यायामाचं समजावलं. दोनदा डोस वाढला. चौथ्यांदा आले तेव्हा मी सांगणं बंद केलं आणि म्हटलं, “आज इंजेक्शन तुम्ही घ्या, मी नुसती बघते.” त्यांनी डोस बरोबर घेतला, सुई बरोबर लावली, शर्ट वर केला आणि बेंबीच्या उजवीकडे अगदी ठरलेल्या जागी टोचलं. मी त्या जागेवर बोटं फिरवली. रबराच्या गोळ्यासारखा घट्ट, लिंबाएवढा उंचवटा. “इथे दुखत नाही ना, म्हणून इथेच घेतो,” ते म्हणाले. वर्षानुवर्षं एकाच जागी टोचल्याने तिथली चरबी जाड झाली होती, आणि अशा जागेतून इन्सुलिन कधी कमी, कधी उशिरा, कधी एकदम शोषलं जातं. सगळा गोंधळ तिथे होता. चारही वेळा केसपेपरवर ‘पथ्य पाळत नाही’ असं लिहिलेलं होतं.

यात पुढचा धोका नर्सला माहीत हवा. “आता जागा बदला” एवढंच सांगून घरी पाठवलं असतं तर चांगल्या जागेतून तेच वाढवलेलं इन्सुलिन पूर्ण शोषलं जाऊन साखर धोकादायक खाली गेली असती. म्हणून आधी डॉक्टरांशी बोलून डोस कमी करून घेतला, साखर जास्त वेळा तपासायला सांगितली, आणि साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी परत तपासायची, हे त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. पुस्तकातलं ज्ञान आणि बोटांनी चाचपून पाहणं, दोन्ही लागलं.

‘समजलं का?’ हा प्रश्न विचारणं सोडून दे. त्याला ‘हो’ हेच उत्तर असतं, कारण ‘नाही’ म्हणायला लाज वाटते. त्याऐवजी म्हण, “मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर घरच्यांना ही गोळी कशी घ्यायची ते तुम्ही कसं सांगाल?” परीक्षा तुझ्या सांगण्याची आहे, त्याची नाही, हे त्याला जाणवलं पाहिजे. चुकलं तर तेच शब्द मोठ्याने पुन्हा नको, वेगळ्या तऱ्हेने सांग. करायची गोष्ट असेल तर करून दाखवायला लाव. इन्हेलर, ड्रेसिंग, इंजेक्शन तोंडी तपासून कळत नाही. “चष्मा घरी राहिला, नंतर वाचतो” असं कुणी दुसऱ्यांदा म्हणालं तर त्याला वाचता येत नसेल, ही शक्यता मनात धर आणि चारचौघांत न दाखवता चित्र काढून दे. एका वेळी तीनच गोष्टी सांग, आणि त्या आकड्यात सांग. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला “सूज आली तर या” म्हणण्यापेक्षा “रोज सकाळी लघवीनंतर वजन करा, तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर थांबू नका, फोन करा” हे त्याच्या हातात राहतं. आणि हे सगळं डिस्चार्जच्या अर्ध्या तासात, रिक्षा खाली उभी असताना, होत नसतं. पहिल्या दिवसापासून गोळी देताना एकेक वाक्य सांगत जा.

वेळ कुठून आणायचा, हे तू विचारशीलच. खरं आहे. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास मांडला: एका नर्सवर एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या पेशंटचा दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त, आणि पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की ती ७ टक्क्यांनी कमी. नजर तयार व्हायला शिक्षण लागतं आणि नजर टाकायला वेळ लागतो, हे त्यात आकड्यांत दिसतं. तुझ्या वॉर्डात तीस पेशंट आणि एक नर्स असेल तर जे हुकेल त्याचा सगळा दोष स्वतःवर घेऊ नकोस. पण ड्युटीच्या सुरुवातीला तीसांपैकी कुठल्या चार जणांकडे आज सारखं जायचं हे ठरवणं तुझ्या हातात आहे, आणि खिशातला कागद त्यासाठीच आहे.

आता परवाची रात्र. अचानक सुरू झालेला गोंधळ हा एकटा न्यूजमध्ये तीन गुणांचा असतो. तू लिहिलंस की श्वास २४ होता, त्याचे दोन. बेरीज पाच. म्हणजे फोन करायलाच हवा होता, आणि तू केलास. “यासाठी उठवलं?” या वाक्याने मनातून खचू नकोस. तुंबलेलं मूत्राशय म्हाताऱ्या माणसाला बरळायला लावतं, ते कारण खरं होतं, किरकोळ नव्हतं. सकाळपर्यंत तसंच राहिलं असतं तर आजोबांनी कॅथेटर ओढून काढलं असतं किंवा बेडवरून पडले असते.

एकच सांगायचंय. इनटेक-आउटपुटच्या चार्टवर अकरा वाजता २०० मिली लिहिलंय आणि मग तीनपर्यंत काही नाही, असं तूच लिहिलं आहेस. सलाईन चालू होतं. मग चार तासांत बॅगेत किती जमायला हवं होतं? निदान शंभर-दीडशे मिली. एक वाजता बॅग रिकामी दिसली असती तर तेव्हाच चित्र जुळलं नसतं. पुढच्या वेळी कुणी अचानक बरळायला लागलं की फोन हातात घ्यायच्या आधी साखर तपास, सॅच्युरेशन बघ, आणि माणसाला लावलेली प्रत्येक नळी त्याच्या अंगापासून सुरू करून बॅगेपर्यंत बोटाने चाचपत जा. दोन मिनिटं लागतात. मुडप सापडली तर सोडव, आणि तरीही डॉक्टरांना फोन कर.